अर्ध्यावरचा काटा

"पेट्रोलचा काटा खोटा बोलतोय की बाबा, एवढंच सांगा काका. मधलं काही नको," पूर्वा म्हणाली.

मेकॅनिक उत्तरेश्वरचं डोकं त्या वेळी गाडीच्या मागच्या सीटच्या जागी होतं. सीट उचलून त्याने भिंतीला टेकवली होती आणि तिच्याखालची पत्र्याची चकती खोलून तो टाकीपर्यंत पोहोचला होता. अशा अवस्थेतल्या माणसाला प्रश्न विचारू नये, हे विश्रांतवाडीत कुणीही सांगितलं असतं. पण पूर्वा वाघोलीला अकराव्या मजल्यावर राहत होती आणि शनिवारची सुट्टी मोडून आली होती. तिला उत्तर हवं होतं.

"सांगतो की. जरा दमा," तो आतूनच म्हणाला.

पूर्वा म्हणजे रामटेके साहेबांची एकुलती एक मुलगी. साहेब पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी प्रेमलाबाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते धानोरी रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. गाडी सत्त्याण्णव सालची, पांढरी, चार दारांची. आत्ता साहेब गॅरेजच्या दारातल्या लोखंडी स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आपल्यावर चौकशी नेमली आहे आणि अहवाल आपल्यासमोरच वाचला जाणार आहे, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कळत नसेल असं नाही. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"दिवाळीपासून चौथ्यांदा बंद पडली," पूर्वा म्हणाली. "मागच्या रविवारी तर मागून डंपर आला होता, थोडक्यात वाचले. दर वेळी एकच स्टोरी. काटा अर्ध्यावर होता आणि टाकी रिकामी निघाली. काका, काटा अर्ध्यावर नसणारच. खालीच असणार. बाबा बघायला विसरतात आणि मग अर्ध्यावर होता म्हणून सांगतात."

"मी विसरत नाही," साहेब रस्त्याकडे बघतच म्हणाले.

"मग टाकीतलं पेट्रोल कोण पितं?"

याला साहेबांकडे उत्तर होतं आणि ते त्यांनी याआधीही दिलं होतं. गाडी बंद पडली की ते डिकीतली एक लिटरची पेट्रोलची बाटली काढत, टाकीचं झाकण उघडून ओतत आणि किल्ली फिरवत. गाडी लगेच चालू होई. पेट्रोल ओतल्यावर चालू होते म्हणजे टाकी रिकामी होती, आणि काटा अर्ध्यावर होता म्हणजे काटा खोटा. पुढच्या पंपावर ते पाचशेचं टाकायला सांगत, आपल्याकडे सगळेच तसं सांगतात, त्यामुळे टाकीत आधी किती होतं हे कधी कुणाला कळलं नाही. आयुष्यभर कालव्यांतलं पाणी मोजलेल्या माणसाचा हा हिशेब होता आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पूर्वाने सांगून टाकलं होतं. काटा खोटा असेल तर दुरुस्त करा. खरा असेल तर आज संध्याकाळी ती किल्ली घेऊन जाणार, गाडी विकणार आणि बाबांना वाघोलीला नेणार. तिथे त्यांच्यासाठी एक खोली केली होती, बाल्कनीसकट. बाल्कनीतून डोंगर दिसतो, असं ती दोनदा म्हणाली. साहेबांनी डोंगराबद्दल काही विचारलं नाही.

उत्तरेश्वर बाहेर आला. साठी ओलांडलेला, बुटका, तेर गावाजवळच्या खेड्यातून चाळीस वर्षांपूर्वी पुण्याला आलेला. पुण्याने त्याच्या बोलण्यातलं 'हाय-न्हाई' सोडून बाकी बरंच काही काढून घेतलं होतं. बायको वेणूबाई सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नव्हतं. गॅरेजमागच्या खोलीत तो एकटा राहत होता. नव्या गाड्या त्याच्याकडे येत नसत, कारण नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावून विचारावं लागतं. याच रस्त्यावरच्या रंगरावकडे तो कॉम्प्युटर होता, काचेचं दार होतं, गिऱ्हाइकांना बसायला सोफा होता. रंगरावने एकदा चारचौघांत उत्तरेश्वरच्या गॅरेजला म्युझियम म्हटलं होतं. तेव्हापासून, म्हणजे पाचेक वर्षं, दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

रामटेके साहेब मात्र दर शनिवारी अकराला येत. एअर बघा, म्हणत. मग स्टुलावर बसत, यमुनाबाईच्या टपरीवरून दोन चहा येत, आणि तासभर दोघे धरणं, पाऊस, गुडघे आणि गेलेल्या बायका यांच्याबद्दल बोलत. टायरमधली हवा आठवड्यात कमी होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांना एकच दुखणं होतं आणि दोघेही त्याला एअर म्हणत होते.

म्हणून पूर्वाच्या प्रश्नावर काय अवलंबून आहे, हे उत्तरेश्वरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. साहेबांची किल्ली गेली की त्याचा शनिवार जाणार होता.

"साहेब, किल्ली नुसती ऑन करा. चालू नका करू. आणि काट्याकडं बघून सांगा," तो म्हणाला.

साहेब उठून गाडीत बसले. पूर्वा खिडकीतून वाकून बघू लागली, कारण सांगणाऱ्यावरच तिचा विश्वास नव्हता. उत्तरेश्वरने टाकीवरची वायर काढली.

"खाली आला," साहेब म्हणाले.

त्याने वायरचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

"वर चालला. फुल्ल."

म्हणजे काट्याचं घड्याळ ठीक होतं आणि वायरही ठीक होती. मग त्याने टाकीतला तरंगता डबा बाहेर काढला. टाकीत पेट्रोल जसं वरखाली होतं तसा हा डबा वरखाली होतो आणि काट्याला खबर देतो. डब्याला भोक असेल तर त्यात पेट्रोल शिरून तो बुडतो. उत्तरेश्वरने तो कानाशी हलवून पाहिला, आत काही वाजलं नाही. दांडी अडकत होती का पाहिलं, ती सहज हलत होती. शेवटी त्याने बांबूची पट्टी टाकीत बुडवून काढली. ओल अर्ध्याच्या थोडी वर आली होती. डबा परत बसवून वायर जोडली तेव्हा काटाही अर्ध्याच्या थोडा वर थांबला.

सीटच्या जागी गुडघे टेकून तो क्षणभर तसाच राहिला. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. काटा अडकतोय, म्हणायचं, दोनशे रुपयांचा जुना डबा बदलायचा आणि साहेबांची किल्ली साहेबांच्या खिशात. पण चाळीस वर्षांत त्याने चांगल्या वस्तूला वाईट म्हटलं नव्हतं, आणि बंद पडणारी गाडी पुन्हा बंद पडलीच असती. पुढच्या डंपरला ब्रेक लागेलच असं नाही.

"काटा खरा हाय," तो म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली. पूर्वाने सुस्कारा सोडला, त्यात जिंकल्याचं काही नव्हतं.

"रंगराव गॅरेजवाल्यांनीही हेच सांगितलं होतं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही बाबांचे मित्र, तुम्ही तरी काहीतरी..."

"ताई, चार वेळा बंद पडली ती कुठं कुठं?"

"मधलं काही नको म्हटलं ना काका."

"सांगा तर."

"वाघोलीलाच. म्हणजे माझ्याकडे येतानाच. चारही वेळा. बाजारात जाताना नाही, लायब्ररीत जाताना नाही, तुमच्याकडे येताना नाही. माझ्याकडे यायचं म्हटलं की यांची गाडी बंद पडते. याचा मी काय अर्थ घ्यायचा?"

तिने घेतलेला अर्थ तिच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि साहेबांना तो आजच पहिल्यांदा दिसला असावा.

उत्तरेश्वरचं लक्ष मात्र भलतीकडेच लागलं होतं. बाजार दहा मिनिटांवर. लायब्ररी आठ. गॅरेज पाच. आणि वाघोली पाऊण तास. जवळच्या वाटेला चालणारी आणि लांबच्या वाटेला मरणारी गाडी विसराळू नसते, तिला काहीतरी पोहोचत नसतं. या चार महिन्यांत त्याने दोनदा फिल्टर बदलला होता, एकदा पंप खोलला होता, आणि दर वेळी कचरा होता म्हणून सांगितलं होतं. कचरा फारसा नव्हताच.

"मला वाघोलीच्या रस्त्यानं घेऊन चला," तो म्हणाला. "साहेब चालवतील. बंद पडली तर बाटली ओतायची न्हाई. कुणी काही उघडायचं न्हाई. आधी मी बघणार. मग ताई, तुम्ही किल्ली घ्या."

पूर्वाने मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि मान हलवली.

धानोरी मागे पडली, लोहगावच्या गर्दीतून गाडी निवांत निघाली. साहेब दोन्ही हातांनी चाक धरून, दर वळणाला हात बाहेर काढून चालवत होते. लोहगाव संपून दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेल्या इमारती सुरू झाल्या आणि गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. साहेबांनी ती शांतपणे रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगाशेजारी घेतली, आणि ती थांबली.

काटा अर्ध्यावर होता. तिघांनीही तो पाहिला. पूर्वाने जास्त वेळ पाहिला.

"बघ," साहेब म्हणाले. एवढंच.

उत्तरेश्वर मागच्या दाराने उतरला. त्याने टाकीच्या झाकणावर तळहात ठेवला आणि सावकाश फिरवलं. झाकण सुटता सुटता आतून 'स्स्स' असा लांब आवाज आला. हवा बाहेर येत नव्हती, आत शिरत होती.

"आता मारा किल्ली."

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

"पेट्रोल ओतलंच नाही," पूर्वा म्हणाली. ती उतरून त्याच्या शेजारी आली होती.

"ओतायचं कामच न्हाई. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तसं तेवढी हवा वरून आत याया पायजे. न्हाय आली तर टाकी पेट्रोल धरून ठेवते, पंपानं कितीबी ओढलं तरी सोडत न्हाई. बाटली ओतायला साहेब झाकण उघडायचे, हवा आत जायची, गाडी चालू व्हायची. साहेबांना वाटायचं, पेट्रोलमुळं झाली."

साहेब गाडी बंद करून खाली उतरले होते. पाटबंधाऱ्याच्या माणसाला पाइपातली हवा समजवावी लागत नाही. "पाइपलाइनला एअर व्हॉल्व्ह ठेवतो ना आपण, तसं," ते पुटपुटले. ते उत्तरेश्वरच्या हातातल्या झाकणाकडे बघत होते.

या गाडीला हवा झाकणाच्या मधल्या बारीक छिद्रातून आत जाते. उत्तरेश्वरने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला काळ्या रबराची गोल चकती चिकटवलेली होती. वायसर असतो त्या जागीच, पण वायसरला मध्ये मोठं भोक असतं. हिला नव्हतं. ट्यूबच्या रबराची सबंध चकती, कात्रीने कापलेली, सोल्यूशनने नीट बसवलेली, छिद्र पक्कं झाकणारी. झाकणासारखीच काळी, म्हणून चार महिन्यांत नजरेत भरली नव्हती. झाकण काढून बाजूला ठेवतात, त्याच्याकडे बघत कोण बसतं.

कोणत्या गाढवाने हे केलं, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात त्याचं बोट चकतीच्या कडेवरून फिरलं आणि एका जागी अडलं. तिथे रबराचा नखाएवढा कान सोडलेला होता. पुढेमागे वायसर उपटायचा झाला तर चिमटीत धरता यावा म्हणून असा कान सोडायची एकाच माणसाची पद्धत होती. ती त्याला कुणी शिकवली नव्हती आणि त्याने कुणाला शिकवली नव्हती.

त्याने आठवून पाहिलं. हे आपण कधी कापलं, कुठे बसून कापलं, साहेब काय म्हणाले होते. काहीच आठवलं नाही.

"म्हणजे हे रबर कुणीतरी बसवलं," पूर्वा म्हणाली. "कुणी?"

शेजारून एक टँकर गेला.

"मी," रामटेके साहेब म्हणाले. "पेट्रोलचा वास यायचा गाडीत. म्हणून मीच बसवलं असेल."

"बसवलं असेल?"

"बसवलं."

"कधी?"

"आठवत नाही आता."

पूर्वाने डोळे मिटले. ती रागावली नव्हती. चार महिने ज्याची भीती वाटत होती ते एकदाचं समोर आल्यावर माणूस जसं थकतं तशी ती थकली होती. "बाबा, स्वतःच चिकटवलंत आणि स्वतःच विसरलात," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "द्या ती किल्ली. प्लीज."

साहेबांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. वाद घातला नाही. उत्तरेश्वरकडे बघितलं मात्र नाही.

आता गप्प राहणं सोपं होतं. साहेबांनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं, त्यातून नुसतं निघून जायचं होतं. पण तो निघू शकला नाही.

"ताई, ते मी बसवलंय."

"काका, तुम्ही त्यांना वाचवू नका आता."

"वाचवत न्हाई. हा कान बघा. माझ्या गॅरेजात चला, खिळ्याला पन्नास वायसर लटकावलेत, एकूण एकाला असाच कान हाय. साहेबांना कात्री नीट धरता येत न्हाई, त्यांची बोटं बघा. मधलं भोक पाडायचं राहिलं माझ्याकडून. आणि बसवलं हेच विसरलो. ही गाडी मी तीनदा खोलली दिवाळीपासून, फिल्टर बदलला, पंप उतरवला, पण हे आठवलं न्हाई. आत्तासुदीक आठवत न्हाई. कान बघून कळलं."

पूर्वा एकदा त्याच्याकडे आणि एकदा वडिलांकडे बघत राहिली. "बाबा?"

साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. "दिवाळीच्या आधीचा शनिवार," ते म्हणाले. "वास येतो म्हणून मीच सांगितलं होतं. यांनी जुन्या ट्यूबमधून चकती कापली. भोक पाडायचा पंच सापडेना म्हणून शोधायला उठले, तेवढ्यात यमुनाबाई चहा घेऊन आली. तिने त्या दिवशी बेसनाचा लाडूही आणला होता, नातीला मुलगी झाली म्हणून. चहा झाल्यावर यांनी चकती तशीच चिकटवली. भोक कशासाठी लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आत्ता आवाज ऐकला तेव्हा कळलं."

लाडूपर्यंत सगळं आठवत होतं त्यांना. पूर्वा हे ऐकून रडायच्या बेताला आली.

"मग खोटं का बोललात? मी किल्ली घेत होते तुमची."

साहेबांनी आवाज खाली आणला, पण लोहगावच्या माळावर खाली आणलेला आवाजही ऐकू येतो. "माझी किल्ली गेली तर मी तुझ्याकडे येऊन राहीन. यांच्या कामावरचा विश्वास गेला तर यांनी कुठे जायचं?"

उत्तरेश्वरने ते ऐकलं. आपल्यासाठी कुणी एवढं करावं याने त्याला भरून आलं, आणि आपली कुणी एवढी कीव करावी याने तितकाच चटका बसला. दोन्ही एकदम झाल्यामुळे तो नुसताच झाकणावरचं रबर उपटत राहिला. कान धरून ओढल्यावर ते अलगद निघालं.

पूर्वाने किल्ली वडिलांच्या हातात परत दिली. मग तिने उत्तरेश्वरला विचारलं, आणि विचारताना ती पहिल्यांदाच घाईत नव्हती. "काका, असं आणखी काही विसरायला होतं का हो? घरी कोण असतं तुमच्या?"

"कोणी न्हाई."

"डॉक्टरांना दाखवून घ्या एकदा."

"घेतो."

"आणि गाडीचं पुढचं काम..." तिला वाक्य पुरं करता येईना.

"दुसरीकडं न्या. मीबी तेच सांगणार होतो," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, "मी शनिवारी येईन." पूर्वा म्हणाली, "बघू बाबा, शनिवारी तुमची फिजिओथेरपी सुरू करायची आहे." दोघेही खरंच बोलत होते. तिने उत्तरेश्वरला घरी चला, जेवून जा म्हणून आग्रह केला, त्याने गॅरेज उघडं टाकल्याचं कारण सांगितलं. गाडी वाघोलीकडे निघाली. वळणापर्यंत ती त्याला दिसत होती. एकदाही अडखळली नाही. चांगलं काम झालं होतं.

लोहगावच्या थांब्यावर त्याला पीएमटीची बस मिळाली. खिडकीशी बसून त्याने खिशातलं रबर चाचपलं. साहेब विसरतात का, हे बघायला वाघोलीहून माणूस आलं होतं. मेकॅनिक गाठले, सुट्टी काढली, भांडण केलं. आपण विसरतो, हे कळायला एक गाडी चारदा बंद पडावी लागली. गाडी बोलत नाही, ती फक्त थांबते. आणि दुसरी एखादी थांबली नाही तर?

गेल्या आठवड्यात काय काय केलं, ते तो बोटांवर मोजू लागला. सोमवारी एक कार्बोरेटर. मंगळवारी काही नाही. बुधवारी आमोद नावाच्या गिऱ्हाइकाच्या व्हॅनचे मागचे ब्रेक. चाकांचे नट आवळल्याचं आठवतंय का? पाना आठवला, चाक आठवलं, व्हॅनखालची सावली आठवली. आवळल्याचं आठवेना. विश्रांतवाडीला उतरून तो गॅरेजकडे गेलाच नाही, थेट आमोदच्या गल्लीत गेला. आमोद जेवत होता. "सहज तपासतोय," असं सांगून उत्तरेश्वरने चारही चाकांना पाना लावला. सगळे नट आवळलेले होते, तेही चांगले कचकचून.

याने त्याला बरं वाटायला हवं होतं. पण आवळल्याचं त्याला अजूनही आठवत नव्हतं, आणि भोक न पाडल्याचंही त्याला असंच आठवलं नव्हतं. आतून दोन्ही सारखंच लागत होतं.

सहाच्या सुमाराला तो रंगरावच्या काचेच्या दारातून आत गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा. दार ढकलायचं की ओढायचं हे कळायला थोडा वेळ लागला. रंगराव एका गाडीच्या बॉनेटखालून वर आला, चाळिशीचा, धिप्पाड. म्हातारा भांडायला आला असंच त्याला वाटलं असणार.

"त्या पांढऱ्या गाडीचा काटा बरोबर होता, तेवढंच सांगितलं मी मॅडमला," तो आधीच म्हणाला. "तुमच्याबद्दल काही बोललो नाही."

"बरोबरच सांगितलंस. काटा खराच होता." उत्तरेश्वरने खिशातून रबर काढून टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. रंगरावने रबर उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, मध्ये जिथे भोक हवं होतं तिथे अंगठा फिरवला.

"होतं असं. माझ्याकडून पण होतं."

"तुझ्याकडून होतं ते तुला आठवतं. मला आठवलं न्हाई." तो सोफ्यावर बसला नाही, उभाच राहिला. "एक काम हाय तुझ्याकडं. ब्रेकची कामं मी आजपासून बंद केली. बाकी बारीकसारीक करतो, न्हाई केलं तर दिवस जायचा न्हाई. पण माझ्या हातची गाडी तुझ्याकडं आली, तर एकदा नीट उघडून बघत जा. मला विचारू नको. काही राहिलेलं दिसलं, तर मला येऊन सांग."

रंगरावने हातातलं रबर परत टेबलावर ठेवलं. "आणि सांगितलेलं तुम्ही विसरलात तर?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, मेकॅनिकने मेकॅनिकला विचारावा तसा सरळ प्रश्न होता.

"मग परत सांग."

"तसं नाही होत काका. कुणीतरी दुसरं पाहिजे." त्याने मोबाइल काढला. "तुमचा नंबर आहे माझ्याकडे. घरचा कुणाचा तरी द्या. भाऊ, पुतण्या, कुणीही. डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, तरी कुणाला तरी कळवावं लागेल ना."

उत्तरेश्वरने विचार केला. तेरचा भाऊ वारला होता. पुतण्यांचे नंबर बदलले होते आणि नवे कुणी दिले नव्हते. रामटेके साहेबांचा नंबर पाठ होता, पण त्यांनी आज जेवढं दिलं होतं त्यावर आणखी मागणं बरं दिसलं नसतं. बाहेर रस्त्यावर दिवे लागत होते. रंगराव अंगठा स्क्रीनवर धरून थांबला होता.

"तुझाच टाक," उत्तरेश्वर म्हणाला.

रंगरावने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. मग उत्तरेश्वरच्या नावाखाली त्याने स्वतःचा नंबर टाकला. पाठ होता, तरी एकेक आकडा बघून टाकला.